पक्षांतराचा संताप : कोणासाठी किती?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच तक्रारीभोवती फिरणारी आहेत. राजकारणातील अप्रामाणिकपणावर समाजमाध्यमांतून व्यक्त होणारा राग समोर कोणता पक्ष आहे हे पाहून चढतो आणि उतरतो, अशी ती तक्रार आहे. म्हणून इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून या वेळची सगळी जागा या विषयाला दिली आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक आहे. आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर दोघे जण रोज राजकारणावर लिहितात. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाविकास आघाडी झाली तेव्हा त्यांतील एकाने ‘जनादेशाशी गद्दारी’ म्हणून आकाशपाताळ एक केले. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली तेव्हा मात्र ‘राजकारणात हे चालायचेच’ एवढे लिहून ते गप्प बसले. दुसऱ्या गृहस्थांचे नेमके उलट झाले. ‘आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे’ हे मला नवीन नाही, पण दोघेही सुशिक्षित आणि एरवी सरळ वागणारे आहेत. यांपैकी कोणालाच प्रामाणिकपणाची चाड नाही, असे समजावे काय?

उत्तर : तसे समजू नये. त्या दोघांचाही राग खरा आहे. आपण ज्यांना मत दिले ते सत्तेबाहेर फेकले गेले, की माणसाला मनापासून वाईट वाटते आणि ते वाईट वाटणे तत्त्वाच्या भाषेत बाहेर पडते. गडबड इथेच होते, कारण दुखलेले असते पराभवामुळे आणि बोलले जाते नीतीबद्दल. पुढच्या वेळी तेच कृत्य आपल्या बाजूच्या माणसाने केले तर दुखतच नाही, आणि मग नीतीचीही आठवण होत नाही.

अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाच्या घेतलेल्या शपथा या दृष्टीने एकापुढे एक मांडून पाहाव्यात. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी राजभवनात देवेंद्र फडणवीस यांच्यासोबत त्यांनी शपथ घेतली. महाराष्ट्र त्याला आजही ‘पहाटेचा शपथविधी’ म्हणतो. ते सरकार २६ नोव्हेंबरला गेले. ३० डिसेंबर २०१९ रोजी तेच अजित पवार उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री झाले, २ जुलै २०२३ रोजी एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळात झाले आणि ५ डिसेंबर २०२४ रोजी पुन्हा फडणवीस यांच्या मंत्रिमंडळात झाले. त्यांच्यावरील सिंचनातील गैरव्यवहाराचे आरोप या सगळ्या काळात तेच होते. २०१४ च्या विधानसभा प्रचारात भाजपने ते गावोगाव नेले, २७ जून २०२३ रोजी भोपाळच्या सभेत पंतप्रधानांनी राष्ट्रवादी काँग्रेसवर सुमारे ७० हजार कोटींच्या घोटाळ्यांचा ठपका ठेवला, आणि त्यानंतर पाचव्या दिवशी मुंबईतील शपथविधी झाला. या पाच दिवसांवर विरोधी बाजूच्या लेखकांनी बोट ठेवले, ते रास्तच होते. परंतु ३० डिसेंबर २०१९ च्या शपथविधीनंतर त्याच आरोपांचा प्रश्न त्यांच्यापैकी किती जणांनी विचारला होता? आणि त्या दिवशी तो प्रश्न विचारणाऱ्यांपैकी किती जण २ जुलै २०२३ ला बोलले? आरोप खरे की खोटे हा न्यायालयाचा विषय आहे. पण आरोपांचे वजन शपथविधीत शेजारी कोण उभे आहे यावर ठरू लागले, की ते आरोप करणाऱ्यालाच ते गंभीर वाटत नव्हते असा अर्थ निघतो.

हे आजचेच आहे असेही नाही. जुलै १९७८ मध्ये शरद पवार वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि जनता पक्षाला बरोबर घेऊन पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार त्यांनी बनवले. ‘पाठीत खंजीर’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्राच्या राजकारणात तेव्हापासून जो रुजला तो कायमचा. त्या जनता पक्षात पूर्वाश्रमीच्या जनसंघाची, म्हणजे आजच्या भाजपच्या पूर्वीच्या पक्षाची, मंडळी होती, हे त्या खंजिराची आठवण आजही काढणाऱ्या अनेकांच्या लिहिण्यात येत नाही. तसेच २०१४ च्या निकालाच्या दिवशीच राष्ट्रवादी काँग्रेसने भाजपला बाहेरून पाठिंबा देऊ केला होता, हेही पुढे ‘आम्ही कधीच तडजोड केली नाही’ म्हणणाऱ्यांच्या लिहिण्यात येत नाही.

मात्र या सगळ्यावरून ‘सगळे सारखेच’ असे म्हणून मोकळे होणे मला मान्य नाही, कारण तोही विचार करण्याचा कंटाळाच आहे. २०१९ मध्ये शिवसेना पक्ष म्हणून एका मित्रपक्षाकडून दुसऱ्यांकडे गेली. युती पाहून मत देणाऱ्याला फसवल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु निवडणूकपूर्व युती पाळण्याचे बंधन कोणत्याही कायद्यात नाही. जून २०२२ मध्ये पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेले आमदार नेतृत्वाला सोडून आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला गेले आणि परत येऊन सत्तेवर बसले. हे कृत्य वेगळे आहे आणि त्यासाठी राज्यघटनेत पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आहे. दोन्ही कृत्यांना ‘गद्दारी’ हा एकच शब्द लावला, की दोन्हींची नीट तपासणी होत नाही.

याच फुटीवर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी दिलेला निकाल तुमच्या गटावरही नक्की आला असेल. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते आणि विधानसभा अध्यक्षांनी शिंदे गटाच्या प्रतोदाला दिलेली मान्यता बेकायदा होती, असे त्यात म्हटले आहे. उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचे सरकार पुन्हा आणता येणार नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे. त्या दिवशी दुपारपासून अर्ध्या महाराष्ट्राने पहिला भाग वाचला आणि उरलेल्या अर्ध्याने दुसरा. दोघेही न्यायालयाचे खरे शब्द पुढे पाठवत होते, त्यामुळे कोणावरही खोटे बोलल्याचा आरोप करता येत नव्हता. मला निवडक संतापातील सर्वांत घातक प्रकार हाच वाटतो, कारण ज्याला अर्धाच निकाल पोहोचला त्याला आपल्याकडून काही लपवले गेले आहे असा संशयही येत नाही. तुमच्या दोन सहकाऱ्यांशी बोलायचे असेल तर स्वभावाबद्दल बोलण्यापेक्षा त्यांना हा निकाल दोन्ही बाजूंनी सांगण्याची विनंती करावी. सरळ वागणारा माणूस असेल तर तो ती नाकारणार नाही.

प्रश्न : गोव्यातील फोंड्याहून लिहीत आहे. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रूस आणि बेतीचा दर्गा येथे नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ देण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्या ११ पैकी ८ आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. देवासमोरची शपथ मोडली म्हणून देशभर टीका झाली आणि आठवड्याभरात सगळे शांत झाले. आमच्याबद्दल ‘गोव्याचे मतदारच असे’ हा शिक्का मात्र राहिला. मतदाराने काय करायला हवे होते? पक्षांतराविरुद्ध कायदा आहे तर तो आमच्या कामी का आला नाही?

उत्तर : तुमच्यावर मारलेला शिक्का अन्यायाचा आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. मतदाराने मत दिले आणि निवडून आलेल्याने ते दुसऱ्याला नेऊन दिले. यात दोष शोधायचा तर तो मत नेणाऱ्याचा, घेणाऱ्याचा आणि हे ज्याच्या आधारे करता आले त्या तरतुदीचा आहे.

ती तरतूद समजून घ्यावी. पक्षांतरबंदीसाठी १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. त्या वेळी विधिमंडळ पक्षातील एक तृतीयांश सदस्य फुटले तर त्यांना अभय होते. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने हे फुटीचे अभय काढून टाकले, पण विलीनीकरणाचा चौथा परिच्छेद तसाच राहिला. विधिमंडळ पक्षातील दोन तृतीयांश सदस्यांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्यास संमती दिली की अपात्रता टळते, असा तो आहे. आता तुमच्याच राज्यातील आकडे पाहा. मार्च २०१९ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या ३ पैकी २ आमदारांनी भाजपमध्ये विलीनीकरण केले, जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी केले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ आमदारांनी केले. पहिल्या दोन वेळी प्रमाण तंतोतंत दोन तृतीयांश होते. तिसऱ्या वेळी ७ आमदार पुरत नव्हते म्हणून ८ झाले. इतके काटेकोर आकडे योगायोगाने जुळत नाहीत. मूळ पक्ष विलीन झाला नाही तरी विधिमंडळ पक्षातील दोन तृतीयांशांची संमती पुरेशी आहे, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये, म्हणजे त्या शपथांच्या सुमारासच, २०१९ च्या प्रकरणात मान्य केला होता. देवळातील शपथेला कायद्याचे बळ नव्हते आणि ज्याला ते होते तो परिच्छेद जाणाऱ्यांच्या बाजूचा होता.

आता तुमच्या पत्रातील दुसऱ्या दुःखाकडे, म्हणजे आठवड्याभरात सगळे शांत का होतात याकडे येतो. २०१९ च्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत काय घडले ते आठवावे. जूनमध्ये तेलंगणात काँग्रेसच्या १८ पैकी १२ आमदार तेलंगण राष्ट्र समितीत विलीन झाले. जुलैमध्ये गोव्यातील तुमचे १० आमदार भाजपमध्ये गेले. सप्टेंबरमध्ये राजस्थानात बहुजन समाज पक्षाचे सहाच्या सहा आमदार सत्ताधारी काँग्रेसमध्ये गेले. तीन राज्ये, तीन वेगळे लाभार्थी आणि एकच परिच्छेद. त्या चार महिन्यांत देशात या विषयावर चिडलेल्या माणसांची संख्या फार मोठी होती. पण हैदराबादसाठी आणि पणजीसाठी चिडलेले लोक जयपूरच्या वेळी गप्प होते. पणजीच्या वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांना जयपूरच्या वेळी अचानक लोकशाहीची काळजी वाटू लागली. त्या सगळ्यांनी मिळून ‘चौथा परिच्छेद काढा’ एवढी एकच मागणी केली असती, तर एकही राष्ट्रीय पक्ष तिच्यापासून तोंड लपवू शकला नसता, कारण प्रत्येकाचे समर्थक त्या गर्दीत असते.

मला या विषयावर जे मनापासून सांगायचे आहे ते हेच आहे. निवडक संतापाचा तोटा केवळ संतापणाऱ्याच्या चारित्र्यापुरता असता तर मी त्यावर एवढी पाने खर्च केली नसती. हा परिच्छेद काढायचा तर घटनादुरुस्ती लागते, घटनादुरुस्तीसाठी संसदेत दोन तृतीयांशांचा पाठिंबा लागतो आणि त्यासाठी सत्ताधारी व विरोधक या दोघांवरही एकाच वेळी दबाव यावा लागतो. आपल्याकडे राग पाळीपाळीने येतो. आज एका बाजूचा, दोन वर्षांनी दुसऱ्या बाजूचा. आणि दर वेळी उरलेली बाजू त्या तरतुदीचे समर्थन करायला उभी असते. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडून काढून निवडणूक आयोगाच्या सल्ल्यानुसार व्हावा असे सुचवले होते. विधी आयोगाच्या १७० व्या अहवालाने १९९९ मध्ये फूट आणि विलीनीकरण या दोन्ही सवलती काढण्याची शिफारस केली होती. त्यानंतर दोन्ही मोठ्या आघाड्यांची सरकारे केंद्रात आली आणि गेली. चौथा परिच्छेद जागचा हलला नाही.

काँग्रेसने २०२४ च्या लोकसभा जाहीरनाम्यात, पक्ष सोडणाऱ्याचे सदस्यत्व आपोआप रद्द होईल अशी दुरुस्ती करण्याचे वचन दिले. वचन उत्तम होते. त्याच वर्षी तेलंगणात भारत राष्ट्र समितीचे (पूर्वीच्या तेलंगण राष्ट्र समितीचे) आमदार एकामागून एक त्याच काँग्रेसमध्ये आले, आणि त्या वेळी तर दोन तृतीयांशांची अटही पूर्ण होत नव्हती. एकूण १० आमदारांविरुद्धच्या याचिका विधानसभा अध्यक्षांपुढे इतक्या रेंगाळल्या, की ३१ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तीन महिन्यांत निर्णय द्या असे सांगावे लागले. गोव्याबद्दल पोटतिडकीने लिहिणाऱ्या ज्या मंडळींनी याबद्दल चकार शब्द काढला नाही, त्यांनी तुमच्या रागाला मदत केली असे मला वाटत नाही.

प्रश्न : मी पुण्यात पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सरकारवर टीका करणारे काही लिहिले, की खाली पहिली प्रतिक्रिया ‘तेव्हा कुठे होतास?’ अशी येते. काही जण सांगतात, की दोन्ही बाजूंवर सारखीच टीका केली तरच तू निःपक्षपाती. सत्ताधाऱ्यांवर जास्त लिहिले तर मीही निवडक ठरतो काय? हे ऐकून लिहिणेच सोडावेसे वाटते.

उत्तर : लिहिणे सोडू नकोस. आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुझ्या वयातच आहे: पहाटेचा शपथविधी झाला तेव्हा तू शाळेत होतास. हे तसेच सांगावे, त्यात ओशाळण्यासारखे काही नाही.

‘तेव्हा कुठे होतास?’ हा प्रश्न मुळात वाईट नाही. लिहिणाऱ्याची मोजपट्टी एकच आहे का, हे तपासण्याचा नागरिकांना अधिकार आहे आणि तो प्रश्न एकदा सरळपणे विचारला तर त्याचे सरळ उत्तर द्यावे. त्या जुन्या प्रकरणाबद्दल आपले काय मत आहे ते एका वाक्यात सांगावे, आणि मग समोरच्याला आजच्या प्रकरणाबद्दल त्याचे मत विचारावे. प्रश्न प्रामाणिक असेल तर तो उत्तर देईल. तिसरे जुने प्रकरण काढले, तर त्याला उत्तर नको होते आणि तुझे बोलणे थांबवायचे होते, एवढे समजून पुढे जावे.

सारख्या टीकेची मागणी मात्र मला चुकीची वाटते. राग कृत्याच्या आकाराप्रमाणे असावा, आणि ज्याच्या हातात सत्ता, तपासयंत्रणा आणि तिजोरी आहे त्याच्या कृत्याचा आकार बहुधा मोठा असतो. निवडणूक रोख्यांचे उदाहरण घे. ही योजना २०१८ मध्ये लागू झाली; देणगी कोणी कोणाला दिली हे मतदाराला कळणार नाही अशी तिची रचना होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली आणि नावे जाहीर करायला लावली. त्यात एप्रिल २०१९ पासूनच्या काळात वटवलेल्या सुमारे १२,७०० कोटींच्या रोख्यांपैकी भाजपचे सुमारे ६,०६० कोटी, तृणमूल काँग्रेसचे सुमारे १,६०० कोटी, काँग्रेसचे सुमारे १,४२० कोटी आणि भारत राष्ट्र समितीचे सुमारे १,२१० कोटी निघाले. जवळजवळ निम्मी रक्कम एका पक्षाकडे गेली आणि योजना आणणाराही तोच पक्ष होता, म्हणून त्याच्यावर अधिक लिहिणे हा पक्षपात नाही. परंतु ६,०६० चा आकडा लिहून १,६०० आणि १,४२० हे आकडे गाळणे हा पक्षपात आहे, आणि ‘सगळ्यांनीच घेतले’ असे म्हणून ६,०६० चा आकडा झाकणे हाही पक्षपातच आहे. ‘सगळ्यांनीच’ हे तर वस्तुस्थितीलाही धरून नाही. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने हे रोखे घेण्यास नकार दिला होता आणि योजनेविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्यांमध्ये तो पक्ष होता. त्या पक्षाची इतर मते कोणाला पटोत न पटोत, या एका बाबतीत त्याचे नाव घेणे हे न्यायाचे आहे. अशी नावे घ्यायला आपण कचरलो, तर सरळ वागणाऱ्या पक्षाला त्याचा काहीच लाभ मिळत नाही.

लिहिताना एक पथ्य पाळ. पक्षांतरावर लिहायचे असेल तेव्हा कोणत्याही राज्याबद्दल तीन गोष्टी अवश्य लिही: किती आमदारांपैकी किती गेले, अपात्रतेची याचिका कोणत्या अध्यक्षांपुढे आहे आणि ती किती महिने पडून आहे. महाराष्ट्रात जून २०२२ च्या फुटीवरचा अध्यक्षांचा निर्णय १० जानेवारी २०२४ ला आला, म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ गेला, आणि तोही सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यावर. दोन्ही गटांतील एकही आमदार अपात्र ठरला नाही. मणिपूरच्या प्रकरणात जानेवारी २०२० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने अशा याचिका साधारण तीन महिन्यांत निकाली निघाव्यात असे म्हटले होते आणि अध्यक्षांऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरण नेमण्याचा विचार संसदेने करावा असे सुचवले होते. अध्यक्ष हा कोणत्या तरी पक्षाचाच असतो, ही त्यामागची साधी अडचण आहे, आणि ती मुंबई, पणजी, हैदराबाद, इंफाळ या सगळ्या ठिकाणी एकसारखी आहे.

हे तीन तपशील प्रत्येक वेळी लिहिलेस, तर तू कोणत्या बाजूचा आहेस या चर्चेला फारशी जागा उरणार नाही. आणि समाजमाध्यमावर लिहिण्याइतकाच वेळ एका पत्रासाठी काढ. तुझ्या मतदारसंघाच्या खासदारांना, ते कोणत्याही पक्षाचे असोत, दोन प्रश्न लेखी विचार: दहाव्या अनुसूचीचा चौथा परिच्छेद काढण्याच्या विधेयकाला तुम्ही पाठिंबा द्याल का, आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडून काढून घेण्याला द्याल का? आलेले उत्तर, किंवा उत्तर न आल्यास तुझ्या पत्राची प्रत, या सदराकडे पाठवावी. इतर वाचकांनीही तसेच करावे. जी उत्तरे येतील ती खासदारांच्या पक्षासह या पानावर छापली जातील.